उघाडी, उधाण आणि फ्लडगेट

इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या हाताशी एक वाक्प्रचार कायम तयार असतो. एका बाईने तक्रार केली, पाठोपाठ दहाजणी पुढे आल्या: ‘फ्लडगेट्स’ उघडले. कुणी कित्येक वर्षांनी मोठ्याने रडलं: फ्लडगेट्स उघडले. एका कारखान्याला सवलत मिळाली आणि बाकीचे अर्ज घेऊन उभे राहिले, तरी तेच. आता मराठी मजकुरातही तो देवनागरीत लिहिलेला दिसतो. मी भाषांतराचं आणि संपादनाचं काम करते, त्यामुळे तो माझ्यासमोर वारंवार येतो आणि दर वेळी मी तिथे थांबते. तो इंग्रजी आहे ही माझी अडचण नाही. किनाऱ्यावरच्या बोलीने पोर्तुगीज, फारसी, अरबी सगळ्यांना घरात घेतलंय. मी थांबते, कारण पाणी बाहेर सोडणाऱ्या दाराच्या शेजारी मी वाढले. ते दार कसं वागतं हे मला माहीत आहे, आणि वाक्प्रचारातलं दार तसं वागत नाही.

अलिबागहून पोयनाडमार्गे वडखळकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी सपाट, झाडं नसलेली भातजमीन लागते, तो आमचा खारेपाट. उन्हाळ्यात नुसतं बघून ही जमीन नांगराची आहे असं वाटत नाही. पांढुरकी, तडकलेली, मिठाची साय धरलेली. हिची उंची उधाणाच्या भरतीपेक्षा कमी. म्हणजे मधला मातीचा बांध काढला तर अमावस्या-पौर्णिमेला इथे खाडी असेल. तो बांध ही खारबंदिस्ती. त्यातला सगळ्यात बाहेरचा, खाडीला तोंड देणारा, तो बाहेरकाठा. आणि या बांधात जागोजागी ठेवलेली दारं म्हणजे उघाड्या.

उघाडीची रचना नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बांधाच्या पोटातून दगडी मोरी काढलेली असते. तिच्या खाडीकडच्या तोंडावर लाकडाची जाड झडप वरून टांगलेली. भरती चढू लागली की खाडीचं पाणी त्या झडपेला बाहेरून दाबतं आणि ती मोरीच्या तोंडावर घट्ट बसते. ओहोटी लागली, खाडी खाली गेली, की शेतातलं पाणी उंच ठरतं; ते आतून झडपेला ढकलतं आणि बाहेर पडतं. कुणी चाक फिरवत नाही, कळ दाबत नाही. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, म्हणजे दार दोनदा मिटतं आणि दोनदा उघडतं. माणसाचं काम उरतं ते झडपेत ओंडका, गवताचा भारा किंवा जाळ्याचा तुकडा अडकलाय का हे बघण्याचं. अडकला तर झडप पुरती बसत नाही आणि रात्रीच्या भरतीला खारं पाणी रोपांत येतं. आमच्या आबांकडे हे काम होतं. पावसाळ्यात ते कंदील घेऊन अवेळी बांधावर जात आणि मी हट्टाने बरोबर जाई. ते मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, ‘आदी पानी बग बाय, मंग दार बग.’

पाणी बघायचं म्हणजे तिथी बघायची. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा येते, म्हणून ही पाऊणपट जुळते. बंदराबंदरांत थोडा फरक पडतो, पण बांधावरच्या माणसाला एवढी वेळ पुरते. तिथी शुद्ध की वद्य, याने काही बिघडत नाही. समुद्र दोन्ही पंधरवड्यांत तसाच वागतो.

उधाण आणि भांग यांतला फरक तर मला शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा आधी कळला. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण: भरती उंच चढते, पण ओहोटीही खोल जाते. अष्टमीच्या सुमाराला भांग: भरती बुटकी आणि ओहोटीही अर्धवट. बाहेरच्या माणसाला वाटतं की भीती फक्त उधाणाची. उधाणाला बांधाची भीती असते, हे खरं. लाटा बाहेरकाठ्याची माती चाटून नेतात. पण त्याच दिवसांत ओहोटीला खाडी इतकी खाली जाते की शेतातलं साचलेलं पाणी झपाट्याने निघून जातं. उलट भांगाच्या दिवसांत मोठा पाऊस झाला तर बांध सुरक्षित असतो आणि शेत मात्र बुडतं, कारण बाहेरचं पाणी पुरतं उतरतच नाही. झडप थोडी किलकिली होते आणि परत मिटते. रोपं तीन-चार दिवस पाण्याखाली राहिली तर कुजतात. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर दार असतं, दार शाबूत असतं, आणि तरीही पाणी बाहेर जात नाही. दार उघडायला नुसतं दार पुरत नाही, बाहेर जागा लागते.

जून महिन्यातलं काम तर मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. पहिला मोठा पाऊस पडला की शेतकरी ते गोडं पाणी लगेच जाऊ देत नाही. ते बांधाच्या आत अडवतो. त्या पाण्यात जमिनीचं मीठ विरघळतं. मग ओहोटीच्या वेळी ते सोडून द्यायचं. पुन्हा पाऊस, पुन्हा अडवणं, पुन्हा सोडणं. असं काही वेळा केलं की वरचा थर भाताला सोसेल इतका गोडा होतो. मग मोड आणलेलं बी चिखलात फोकायचं. त्याला आमच्याकडे रहू म्हणतात. या जमिनीत टिकणारे भात वेगळे: पूर्वी भुरा राता, काळा राता, नंतर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २ आणि ३ ही वाणं दिली. लाल तांदळाची ती पेज ज्याने खाल्लीय, त्याने उघाडीतून बाहेर सोडलेलं पाणीच एका अर्थी खाल्लंय. पाणी सोडणं हे इथे पेरणीच्या आधीचं काम आहे.

गोव्याकडे याच व्यवस्थेला खाजण म्हणतात आणि दाराला मानस. तिथे ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाला जाळं लावून मासळी धरतात. तो हक्क लिलावाने दिला जातो. आमच्याकडेही बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी मिळते आणि शेततळ्यातला जिताडा तर पाहुण्याच्या ताटातच दिसतो. त्याबद्दल लिहायला बसले तर हा लेख दुसरीकडेच जाईल.

बांध राखायचा कुणी? पूर्वी गाव राखायचं. आमच्या भागात त्याला जोळ म्हणत: ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याने ठरलेल्या दिवशी माती टाकायला यायचं, किंवा आपला माणूस पाठवायचा. उधाणाच्या आधी हाक गेली की घरटी एकजण बांधावर. १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला, आणि बांधांची जबाबदारी सरकारी योजनेकडे गेली. पैसा, यंत्रं, दगडी अस्तर यांची गरज होतीच. एवढ्या लांबीचे बांध कुदळ-घमेल्याने कुठवर टिकणार? पण जोळ मात्र विरली. आता खेकड्याने बिळ केलेलं दिसलं तरी ते बुजवायला कुणाचा हात आपसूक पुढे होत नाही, अर्ज पुढे होतो.

आणि मग खांड पडते. बांधाला भगदाड पडलं की ते खांड. पहिल्या भरतीला ती हातभर असते, दुसऱ्या-तिसऱ्या उधाणाला त्यातून होडी जाते. खारं पाणी एकदा शेतात राहिलं की त्याचं मीठ उतरायला तीन-तीन पावसाळे लागतात, असं जुने शेतकरी सांगतात. खांड वेळेत बांधली नाही तर चिखलात खारफुटी उगवते. खारफुटी तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर मनाई केली आणि किनारा राखायचा तर ती मनाई हवीच, असं मलाही मनापासून वाटतं. पण ज्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर भात आहे आणि जागेवर तिवराचं रान आहे, त्याच्या बाजूने उभं राहून बघा. त्याने दार उघडलं नव्हतं. त्याचा बांध वेळेत बांधला गेला नाही, एवढंच झालं. 

म्हणून मला फ्लडगेट या वाक्प्रचाराशी भांडावंसं वाटतं. तो असं धरून चालतो की दार बंद असणं हीच सुरक्षितता आणि उघडणं म्हणजे अनर्थ. एकदा उघडलं की ते पुन्हा मिटत नाही. आमच्याकडे दार रोज उघडतं आणि रोज मिटतं. अनर्थ होतो तो दार उघडायचं राहिलं तर, किंवा बांध फुटला तर. आणि फुटणं वेगळं, सोडणं वेगळं. तिवरे गावचं मातीचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. धरणाला गळती असल्याचं गावकऱ्यांनी आधी सांगितलं होतं. तिथे कुणी कसलंही दार उघडलं नव्हतं. अशा बातमीवर ‘फ्लडगेट’ लिहिलं की ऐकून न घेतलेली ती तक्रार मजकुरातून गळून जाते.

कायद्याच्या इंग्रजीत हा वाक्प्रचार आणखी जड होतो. तिथे ‘फ्लडगेट्स’ हा एक युक्तिवादच आहे: या एकाचा दावा मान्य केला तर असे असंख्य दावे येतील, म्हणून हाही मान्य करू नये. न्यूयॉर्कचे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी १९३१ साली हिशेबतपासनिसांच्या एका खटल्यात अनिश्चित रकमेच्या, अनिश्चित काळाच्या, अनिश्चित लोकांप्रती जबाबदारीचा जो इशारा दिला, तो या युक्तिवादाच्या चर्चेत आजही येतो. त्या खटल्यात त्यांचं म्हणणं विचारपूर्वक होतं, हे मी नाकारत नाही. पण ही भीती ज्या ज्या ठिकाणी वापरली जाते, तिथे मला आधी विचारावंसं वाटतं: आत साचलेलं पाणी कुणाचं आहे? बाहेर येऊ पाहणारे हे ‘असंख्य’ म्हणजे नेमके कोण?

हा प्रश्न मला खारेपाटानेच शिकवला. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांची सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं त्या शेतांत आवणी झाली नाही. ज्यांचं पोट भातावर, त्यांनी भात लावायचा नाही असं ठरवलं. रानातली लाकडं आणि मिळेल ती मजुरी यांवर घरं चालवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले; १९३७ साली मुंबईच्या विधानसभेत त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ साली कूळकायदा आला, १९४८ साली त्याहून व्यापक कायदा, आणि १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला.

एका गावाचं मान्य केलं तर किनाऱ्यावरची सगळी गावं तेच मागतील, ही भीती त्या काळात सत्तेच्या जागी बसलेल्यांना वाटली नसेल, असं मला मानता येत नाही. आणि ती भीती अगदी रास्त होती, कारण सगळी गावं तेच मागणार होती. मागायलाच हवं होतं. अनेकांचा एकच दावा असतो तेव्हा तो खोटा आहे असं ठरत नाही. अन्याय किती जुना आणि किती पसरलेला होता, ते त्यावरून कळतं. बायका एकामागून एक बोलू लागतात तेव्हाही असंच असतं. त्याला पूर म्हटलं की बोलणारी प्रत्येक जण लाटेतला थेंब होते, आणि तिचं नाव, तिची तारीख, तिने आधी कुणाला सांगितलं होतं आणि त्याने काय केलं, हे सगळं निसटतं.

आता खऱ्या पुराकडे येते.

चिपळूण वाशिष्ठीच्या काठावर आहे. पात्र खाली गोवळकोटला खाडीत मिळतं आणि खाडी दाभोळला समुद्राला. वरच्या बाजूला सह्याद्री, आणि सह्याद्रीच्या पलीकडे कोयना धरण. कोयनेचं पाणी नैसर्गिक वाटेने पूर्वेला, कऱ्हाडकडे जातं. धरणाचे सहा दरवाजे उचलल्याची बातमी येते तेव्हा ते पाणी चिपळूणला येत नसतं, ते कऱ्हाड-सांगलीकडे निघालेलं असतं. पण वीजनिर्मितीसाठी डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी जे पाणी पश्चिमेला पोफळीला उतरवतात, ते कोळकेवाडीच्या जलाशयातून पुढे वाशिष्ठीत येतं. कृष्णा पाणी लवादाने या पश्चिमेच्या वाटेसाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे एकतीस कोटी लिटरच्या आसपास. एक हजार क्यूसेकचा, म्हणजे सेकंदाला एक हजार घनफुटांचा, विसर्ग अखंड साडेअकरा दिवस चालला तर एवढं पाणी जातं. एकाच धरणातून पाणी सोडण्याच्या दोन वाटा, आणि दोन्ही टोकांच्या माणसांच्या रात्री वेगवेगळ्या. ‘कोयनेचे फ्लडगेट्स उघडले’ एवढं लिहिलं तर चिपळूणची आजी उगाच सामान माळ्यावर चढवते आणि सांगलीच्या माणसाला आपल्याविषयी काही लिहिलंय हे कळतही नाही.

२२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. एसटीच्या आगारातल्या गाड्या बुडाल्या, दुकानांचे पहिले मजले गेले, लोक छपरांवर बसून राहिले. कारण एकच नव्हतं. घाटमाथ्यावर अफाट पाऊस पडला होता, पात्र गाळाने उथळ झालं होतं. कोळकेवाडीच्या पाण्याबद्दलही लोकांनी प्रश्न विचारले, आणि ते विचारायलाच हवे होते. पण मला त्या दिवशी सगळ्यात आधी आठवली ती आबांची पाऊणपट. आषाढ शुद्ध त्रयोदशी. पौर्णिमा दोन दिवसांवर. उधाण चढणीला. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला खाडीचं तोंड भरतीने भरलेलं असणार आणि वरून येणाऱ्या पाण्याला उतरायला जागा नसणार. मी त्या दिवसांत मिळेल ती बातमी वाचत होते. पाऊस मिलिमीटरमध्ये होता, विसर्ग क्यूसेकमध्ये होता. भरतीची वेळ फार थोड्या ठिकाणी होती.

त्याच वर्षाच्या शेवटी चिपळूणच्या नागरिकांनी गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केलं. मला त्यांच्या मागणीतली समज फार मोलाची वाटली. पाणी येऊ देऊ नका असं ते म्हणत नव्हते. पाऊस कोकणात येणारच. त्याला जायला वाट द्या, एवढं म्हणत होते. 

लिहिणाऱ्या तरुण मुलामुलींना मी याविषयी सांगते तेव्हा शुद्धलेखनावर बोलत नाही. दार आलं की तीन गोष्टी लिहा म्हणते: कुणी उघडलं, कोणत्या वेळी उघडलं, आणि तेव्हा बाहेरचं पाणी कुठे होतं. एखाद्या माणसाच्या रडण्याबद्दल लिहीत असाल तरी हेच विचारा. इतकी वर्षं तो गप्प होता, तर त्या दिवशी कुणाच्या समोर बोलता आलं? समोरच्याने काय केलं म्हणून बोलता आलं? इंग्रजीत लिहीत असाल तर इंग्रजीतच विचारा. ती भाषा हे सांगायला पुरेशी समर्थ आहे, तिला फक्त ओहोटीपर्यंत थांबवून घ्यावं लागतं.

आणि एक मागणी आहे, ती मी संपादकांकडे, आकाशवाणीवर निवेदन वाचणाऱ्यांकडे आणि विसर्गाची सूचना काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयाकडे करते. कोकणातल्या कुठल्याही नदीत पाणी सोडण्याची सूचना निघेल तेव्हा क्यूसेकच्या आकड्याशेजारी त्या नदीच्या मुखाजवळच्या भरतीची वेळ छापा. वाशिष्ठीसाठी दाभोळची, सावित्रीसाठी बाणकोटची, कुंडलिकेसाठी रेवदंड्याची. भरतीचं कोष्टक वर्षभर आधी तयार असतं, त्याला खर्च नाही. सूचनेत एक ओळ वाढेल: ‘आज भरती अमुक वाजता, ओहोटी अमुक वाजता.’ ती वाचून खालच्या वाडीतल्या बाईला ठरवता येईल की गुरं आत्ता सोडायची, की जेवणं उरकून.